आरशाच्या दोन्ही बाजूंना

कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं
मी विजेवर डोळा ठेवून होतो.
सुई जराशी हलली की फोन.
आणि इकडे मानेवाड्याला, घरी,
बाथरूममध्ये चाळीसचा एक बल्ब,
दाराच्या वर, जाळ्याशेजारी.
उजेड पडतो ना? मग झालं.

यंदा टाइल्स बदलायच्या निघाल्या,
म्हणून लाइटही.
इतवारीच्या दुकानदारानं काउंटरवर
सहा दिवे पेटवून ठेवले.
एक ताटलीसारखा, एक नुसती पट्टी,
एक इतका पांढरा की
माझ्याच हातावरच्या शिरा मला परक्या वाटल्या.
"हा घ्या काका, दिवसासारखा."
शशिकला म्हणाली,
"नागपुरात दिवस कमी आहे काय जी?"
मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता,
बाहेर रस्ता चुन्यासारखा पेटलेला.

आम्ही पिवळसर घेतला.
रबराची कड असलेला, आत वाफ जाणार नाही असा.
किती घ्यायचे, ते ठरत नव्हतं.
मी म्हणत होतो एक,
छताच्या मधोमध.
दुकानदार म्हणाला, चार न्या, उरले तर परत आणा.

ईश्वर लांजेवार वायरिंगला आला.
पेन्सिल कानावर, खर्रा गालात.
छताकडे त्यानं पाहिलंच नाही.
"आरशात कोण पाह्यते?"
"दोघंही," मी म्हणालो.
शशिकला काही बोलली नाही.
"काकू, उभ्या राहा बरं."

ती उभी राहिली.
बल्ब तिच्या पाठीशी, तोंड अंधारात.
आरशात कपाळ, भांग आणि मागची टाइल.
हनुवटी नव्हतीच.
आरसा मी लावला होता, सत्त्याण्णव साली,
माझ्या दाढीच्या हिशोबानं.

"मग तू टिकली..."
"स्वयंपाकघरात. डब्याच्या झाकणात."
साखरेचा डबा.
म्हणजे त्या झाकणाला इतकी राख
त्यासाठी लागत होती.

ईश्वरनं लांब वायरीचे दोन होल्डर काढले,
एक माझ्या हातात दिला.
"वरून टाकला तं डोळ्याखाली खड्डे पडते,
चांगला माणूस बिमार दिसते.
बाजूनं धरा. खाली घ्या. अजून खाली."
मी उतरवत गेलो.
माझा अंदाज पाच फुटांचा होता.
चार फूट सात इंचांवर ती म्हणाली, "बस."

दोन्हीकडून उजेड.
नाकाची सावली गेली, गालांची गेली.
डाव्या भुवईत एक बारीक रेघ होती,
तिथं केस उगवलेच नव्हते.
"हे कधीचं?"
"लहानपणचं. काटोलला. संत्र्याचा काटा."
संत्र्याच्या झाडाला काटे असतात
एवढं मला माहीत होतं.

ईश्वर टाइलवर फुल्या मारत होता.
"झालं काका, ठेवा आता."
हात भरून आला होता,
तरी थोडा वेळ मी तसाच धरून राहिलो.
तिनं आरशातूनच पाहिलं,
आणि पदरानं उगाच गाल पुसला.

तिसरा दिवा तिनं मागितला.
बेसिनच्या खाली, अर्ध्या वॅटचा,
पावलांपुरता.
"रात्री दोनला उठता, मोठा लाइट लावता,
मग चारपर्यंत कूस बदलत राहता.
मला समजत नाही वाटते?"
मी समजत होतो, ती झोपलेली असते.

चौथा दिवा परत नेऊन दिला.
दुकानदार पैसे द्यायला कुरकुरला,
शेवटी एक टेस्टर घेऊन मिटवलं.

बोअरचं पाणी जड आहे आमच्याकडे.
आठवडाभरात काचांवर पांढरे ठिपके धरतात,
रविवारी मी लिंबाच्या फोडीनं पुसतो,
आधी डावी, मग उजवी.
डब्याचं झाकण आताशा मळकं असतं.
आरसाही चार इंच खाली आला.
दाढी करताना मी थोडा वाकतो.